मोजलेला ऑक्सिजन आणि वाचलेला मेंदू



मेंदूतला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र आपल्यातल्या काहींच्या नवजात शिशू विभागांत आलं आहे, काहींच्या विभागांत येऊ घातलं आहे. बाळाच्या कपाळावर चिकटवलेली एक छोटी पट्टी, तिच्यातून निघणारा प्रकाश आणि पडद्यावर सतत बदलणारा आकडा. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा हा आकडा सुधारला म्हणजे त्याचा मेंदू वाचला, असं मानावं का? आज मी या एकाच प्रश्नावर बोलणार आहे. हाती असलेला पुरावा पाहता मला तसं मानता येत नाही. शिवाय मोठ्या चाचणीचा निकाल लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी रक्ताच्या काही थेंबांनी त्याची सूचना दिली होती, आणि त्या सूचनेचा अर्थ आज तरी नीट लावायला हवा.

आधी त्या यंत्रामागच्या कल्पनेला न्याय देतो, कारण ती खरोखर मोलाची आहे. तांबड्या रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडी आणि हाड ओलांडून मेंदूपर्यंत जातो, आणि परत आलेल्या प्रकाशावरून तिथल्या हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन किती आहे हे ताडता येतं, असं फ्रान्स यॉब्सिस यांनी 1977 मध्ये दाखवून दिलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कवटी इतकी पातळ असते की ही पद्धत जणू त्याच्यासाठीच जन्माला आली. पल्स ऑक्सिमीटर धमनीतलं रक्त वाचतो, म्हणजे रक्तात ऑक्सिजन भरला गेला की नाही एवढंच सांगतो. कपाळावरच्या पट्टीला जे रक्त दिसतं त्यात शिरांतल्या रक्ताचा वाटा मोठा असतो. त्यामुळे मेंदूने किती ऑक्सिजन घेतला आणि किती शिल्लक राहिला याचा अंदाज तिच्याकडून मिळतो. पल्स ऑक्सिमीटर 93 दाखवत असताना हिमोग्लोबिन घसरलेलं असू शकतं, हृदयाकडून रक्तच कमी येत असू शकतं, किंवा व्हेंटिलेटरने कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर काढून टाकल्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असू शकतात. मेंदूची उपासमार चालू असते आणि बाळाच्या मनगटावरच्या पट्टीला त्याचा पत्ता नसतो. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या तीन दिवसांतच सर्वांत जास्त. त्या बहात्तर तासांत मेंदूची खबर हाती असावी असं वाटणं अगदी रास्त आहे.

कोपनहेगनच्या गॉर्म ग्रायसन यांच्या पुढाकाराने युरोपातल्या आठ देशांनी ही कल्पना तपासायला घेतली. 'सेफबूस-सी' या त्यांच्या संशोधनाच्या दुसऱ्या टप्प्याचा निकाल 2015 मध्ये आला. 166 बाळांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली होती. एका गटात डॉक्टरांना मेंदूचा आकडा दिसत होता आणि तो 55 ते 85 टक्क्यांत ठेवण्यासाठी काय करायचं याची नियमावली हाती होती. दुसऱ्या गटात यंत्र लावलेलं होतं, पण आकडा झाकलेला होता. आकडा या मर्यादेबाहेर किती टक्क्यांनी आणि किती तास राहिला, यांचा गुणाकार करून 'भार' काढला. झाकलेल्या गटात तो 81.3 भरला, दिसणाऱ्या गटात 36.1. निम्म्याहून कमी! मृत्यू 25 टक्क्यांच्या जागी 14 टक्के, मेंदूची गंभीर इजा 23 च्या जागी 13 टक्के. हे शेवटचे दोन्ही फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे नव्हते, आणि संशोधकांनी ते स्पष्ट नोंदवलंही. पण ज्याने अशी बाळं हातात धरली आहेत त्याचं मन हे आकडे वाचून उचंबळून येणारच.

याच बाळांच्या रक्ताचे नमुने जन्मानंतर 6 तासांनी आणि 64 तासांनी घेतले होते. त्यात तीन पदार्थ मोजले: एस-100-बी, मेंदूतलं मेदाम्लांना धरून ठेवणारं प्रथिन, आणि न्यूरोकीटल. पहिले दोन मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरतात. न्यूरोकीटल हे मेंदूतली चरबी ऑक्सिजनच्या माऱ्याने जळाल्याची खूण. मेंदूतला ऑक्सिजनचा ताण निम्म्याने कमी झाला असेल आणि त्या ताणानेच मेंदू दुखावत असेल, तर दोन गटांच्या रक्तात काही फरक दिसायला हवा होता. तो दिसला नाही. 64 व्या तासाच्या ईईजीतही, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखातही, दिसला नाही.

यावर जो आक्षेप घेतला जातो तो वजनदार आहे. हे निर्देशक पुरेसे नेमके नाहीत. एस-100-बी मेंदूबरोबरच चरबीच्या पेशींतून आणि कूर्चेतूनही येतं, आणि रक्तातून लवकर नाहीसं होतं. तिसाव्या तासाला झालेल्या इजेची खूण चौसष्टाव्या तासापर्यंत पुसली गेली असेल. म्हणजे दोष उपचाराचा नसेल, मोजमापाचा असेल. मी हा आक्षेप मान्य करतो, पण तो पूर्ण प्रामाणिकपणे लावायचा तर दोन्ही बाजूंना लावावा लागतो. रक्तातला निर्देशक अपुरा आहे म्हणून त्याची साक्ष बाजूला ठेवायची असेल, तर कपाळावरच्या पट्टीचा आकडाही त्याच मापाने तपासला पाहिजे. एका बनावटीच्या संवेदकावर जो मेंदू 55 वाचला जातो तो दुसऱ्यावर साठीच्या पुढे वाचला जातो. शिवाय दोन्ही आकडे मधल्या टप्प्याचे आहेत. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, मलेरिया जात नाही. मधला आकडा सुधारणं आणि रोग हटणं यांत इतकं अंतर असू शकतं.

2023 मध्ये तिसऱ्या टप्प्याने ते अंतर उघड केलं. 17 देशांतली 70 केंद्रं, 1601 बाळं. गर्भवयाचे छत्तीस आठवडे पूर्ण होईपर्यंत मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा झालेली बाळं यंत्राच्या गटात 35.2 टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात 34.0 टक्के. फायदा दिसला नाही. त्याच वर्षी ग्राझ शहरातल्या संशोधकांच्या गटाने जन्मानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत हेच यंत्र वापरून 607 बाळांचा निकाल दिला: मेंदूला इजा न होता वाचलेली बाळं यंत्राच्या गटात 82.9 टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात 78.5 टक्के. दिशा आशेची, पण खात्री देण्याइतका फरक नाही.

यंत्राचे पुरस्कर्ते म्हणतात, तिसऱ्या टप्प्यातल्या दुसऱ्या गटाला यंत्रच लावलेलं नव्हतं, त्यामुळे ऑक्सिजनचा भार खरोखर किती कमी झाला हे कळायला मार्ग नाही. केंद्रं वेगवेगळी, यंत्रं वेगवेगळी, अनुभव कमी-जास्त. हे खरं आहे. पण आपल्या जिल्ह्यांतली परिस्थिती याहून एकसारखी असणार आहे का? जो उपचार सत्तर केंद्रांच्या विविधतेत टिकत नाही, तो आपल्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात शिशूंच्या विशेष काळजी कक्षात, एका परिचारिकेकडे इतकी बाळं असताना, टिकेल असं कोणत्या आधारावर म्हणायचं? मला याहून खोल कारणाची शंका आहे. अनेक बाळांच्या मेंदूची इजा पेटीत येण्याआधीच सुरू झालेली असते. गर्भपिशवीत संसर्ग झालेल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात दाह दाखवणारं इंटरल्यूकिन-6 वाढलेलं सापडतं, आणि अशा बाळांत मेंदूच्या पांढऱ्या भागाची इजा अधिक दिसते. दाह हे मूळ असेल तिथे ऑक्सिजनची घट हे त्या आजाराचं एक लक्षण ठरतं, आणि लक्षण पुसून मूळ जात नाही.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप: यंत्राने अपाय तर होत नाही ना, मग जादा माहिती असलेली काय वाईट? माझं म्हणणं असं की आकडा पडद्यावर आला की हात स्वस्थ राहत नाही. तो 52 झाला की कोणी सलाइनचा जादा डोस देतं, कोणी डोपामिन सुरू करतं, कोणी ऑक्सिजन वाढवतं, कोणी रक्त चढवतं. यातल्या प्रत्येक कृतीची किंमत बाळ मोजतं. ऑक्सिजनचा इतिहासच बघा. 1940 च्या दशकात अकाली बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला गेला आणि जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. 1950 च्या दशकात तो आखडला. डोळे वाचले, पण प्रत्येक वाचलेल्या दृष्टीमागे सुमारे सोळा बाळं दगावली असावीत असा हिशेब केनेथ क्रॉस यांनी 1973 मध्ये मांडला. पुढे पाच चाचण्यांतल्या 4965 बाळांचा एकत्र विचार झाला तेव्हा दिसलं की पल्स ऑक्सिमीटरचं लक्ष्य 85 ते 89 ठेवल्यास 19.9 टक्के बाळं दगावतात, 91 ते 95 ठेवल्यास 17.1 टक्के, आणि डोळ्याच्या पडद्याचे उपचार लागणारी बाळं मात्र दुसऱ्या गटात जास्त. लक्ष्यातल्या सहा टक्क्यांच्या फरकाने इतकं बदलतं. बाहेरचा पुरावाही इथे जसाच्या तसा लागू होईल असं नाही: जन्मवेळी गुदमरलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळांना थंड ठेवण्याचा उपचार युरोप-अमेरिकेत जीव वाचवतो, तोच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांच्या 'हेलिक्स' चाचणीत मृत्यू 31 वरून 42 टक्क्यांवर नेणारा ठरला.

रक्तातल्या निर्देशकांवर माझी भिस्त आहे ती संशोधनासाठी, आणि तीही अटीवर. आठशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगात रक्त असतं पंचाहत्तर मिलीलिटरच्या आसपास. तपासणीसाठी एक मिलीलिटर घेतलं तर एक टक्क्याहून अधिक रक्त गेलं. असे नमुने दिवसातून चार वेळा घेतले की हिमोग्लोबिन उतरतं, मेंदूतला ऑक्सिजन उतरतो, यंत्र इशारा देतं आणि आपण रक्त चढवतो. मोजण्याच्या हौसेतून आपणच तो आकडा खाली आणलेला असतो. म्हणून मेंदूच्या इजेचा कोणताही नवा निर्देशक शोधायचा तर नाळेतल्या आणि इतर तपासण्यांतून उरलेल्या रक्तात शोधावा, आणि तो दोन वर्षांच्या मुलाच्या चालण्या-बोलण्याशी जुळतो का हे पाहूनच त्यावर विश्वास टाकावा.

2020 साली भारतात सुमारे 30 लाख बाळं अकाली जन्मली, जगातल्या अशा बाळांच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. यातल्या बहुतेकांसाठी ज्या उपायांचा फायदा सिद्ध आहे ते यंत्राविना होणारे आहेत: प्रसूतीआधी आईला योग्य वेळी स्टेरॉइड, नाळ उशिरा बांधणं, बाळाला आईच्या छातीशी ठेवणं, म्हणजेच कांगारू पद्धत. जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केल्यास 28 दिवसांतले मृत्यू 15.7 वरून 12 टक्क्यांवर येतात, हे भारतासह पाच देशांतल्या 3211 बाळांवर दिसलं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना शिकवून नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी केले, तो निकाल 1999 चा आहे.

म्हणून माझी परिषदेला विनंती अशी. मेंदूचा ऑक्सिजन मोजणारं यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते वापरावं, पण त्याच्या आकड्यावरून केलेली प्रत्येक कृती, त्या वेळचा कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन आणि तपासणीसाठी आजवर काढलेलं एकूण रक्त यांची एकाच नमुन्यात नोंद ठेवावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी ते घेण्याआधी हाच पैसा कांगारू कक्षाच्या खाटांसाठी आणि परिचारिकांसाठी मागावा. आणि बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची दोन वर्षांनी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी होऊन तिचा निकाल जन्मवेळच्या नोंदीशी जोडला जावा. नोंदीच्या त्या नमुन्याचा मसुदा तुमच्या हाती दिलेल्या पुस्तिकेत आहे. दुपारच्या सत्रात त्यावर सविस्तर चर्चा व्हावी आणि आवश्यक ते बदल करून तो आजच मंजूर व्हावा.