दाढेची टोपी
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या वर्षी मी येथे चकल्यांवर बोलले होते. यंदा दातांवर बोलते. चकली खायला दात हवेतच.

माझी उजवीकडची खालची दाढ किडली. पाडव्याच्या सुमारास डॉक्टरांनी मुळातली नस काढून पोकळी भरली. ठणका थांबला. "आता वर टोपी बसवून घ्या," असे त्यांनी बजावले होते. पण दुखेनासे झाल्यावर दातावर पैसे कोण घालतो? मुलीची फी होती, घरावरचे पत्रे बदलायचे होते. येळवशीला शेतात भाजलेल्या शेंगा खाताना कडकन आवाज झाला. खडा समजून थुंकले, तर तळहातावर माझ्याच दाढेची भिंत! दुखले मात्र मुळीच नाही. नस नाही तर दुखणार काय?

सासूबाई म्हणाल्या, "काढून टाक. माझे सगळे गेले, काही अडलं का?" अडले होते. त्या भाकरी दुधात कुस्करून खातात. पण मी बोलले नाही.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. म्हणाल्या, "चीर मुळात उतरली असती तर दाढ काढावीच लागली असती. तुमची हिरडीच्या वर थांबली आहे." टोपीला धरायला हिरडीच्या वर सभोवार दीड-दोन मिलिमीटर तरी शाबूत दात लागतो. मला आपले मुसळ आठवले. ते फाटू नये म्हणून टोकाला लोखंडी कडे ठोकतात. पण आतले लाकूड कुजके असेल तर कडे काय करणार?

मग त्यांनी रबरी पडदा लावला, कारण थुंकीचा थेंब लागला तरी चिकटण धरत नाही. दातावर आम्ल लावून धुतले. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही म्हणून गवंडी टाचे मारतो, तसेच हे. अमेरिकेतल्या बुओनोकोर नावाच्या दंतवैद्याने १९५५ साली ही युक्ती दाखवून दिली. तुटलेला भाग भरून, घासून माप घेतले आणि तात्पुरती टोपी दिली. पुढच्या खेपेस चिनी मातीसारखी पांढरी टोपी चिकटवली. पैसे भिशीचे गेले. पत्रे अजून गळतात.

एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. टोपीच्या कडेशी पुन्हा कीड लागू शकते, आणि या दाढेत ठणका उठून इशारा मिळेलच असे नाही. म्हणून कड रोज नीट घासायची आणि अधूनमधून दाखवून यायचे. मिश्रीविषयी मी आज बोलत नाही, नाहीतर निम्मी मंडळी उठून जातील.

परवा सासूबाईंनी हळूच विचारले, "कवळी करायला किती खेपा लागतात गं?" येत्या बुधवारी सकाळच्या एस्टीने आम्ही दोघी सोलापूरला निघतो आहोत. कोणाला यायचे असेल तर चहाच्या वेळी मला सांगा.