अनंत आणि तगर

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आम्ही राज्य शासनाच्या उद्यान खात्यात नोकरीला आहोत. शिक्षण डिप्लोमापर्यंत. खात्यात आम्ही बोलतो ते माळ्यांशी आणि लिहितो ती नोटशीट, त्यामुळे भाषणात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

दरवर्षी गणपतीत आरती झाली की प्रसाद हातात असतानाच आम्हाला दोन प्रश्न विचारले जातात. एक, "नर्सरीतून अनंत आणला, पण फुलांना वासच नाही, असं का?" दुसरा, "आमचा अनंत पिवळा पडतोय, काय घालू?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. तो अनंत नाहीच, ती दुहेरी तगर आहे. इंदूरच्या नर्सरीत "अनंत" म्हटले तर निम्म्या लोकांना कळत नाही. तिथे त्याला गंधराज म्हणतात आणि तगरीला चांदनी. दोघांची पाने हिरवीगार, चकचकीत, फुले पांढरी, पाकळ्यांवर पाकळ्या. फुले नसतील तर फसगत होणारच. खात्री करायची असेल तर एक पान देठापाशी तोडावे. पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक नसतो. तगर कण्हेर, सदाफुली आणि पांढऱ्या चाफ्याच्या कुळातली, तर अनंत कॉफीच्या कुळातला. दिसायला बहिणी, पण नाते काही नाही. आणि हो, अनंत चतुर्दशीशीही या झाडाची गल्लत नको. तो अनंत म्हणजे विष्णू, चौदा गाठींच्या दोऱ्याचा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला स्वतःलाच फार उशिरा कळले. तेच आज सांगायचे आहे.

आमच्या आईचे माहेर राजापूरकडचे. लग्न होऊन ती इंदूरला आली, तेव्हा माहेरच्या परसातल्या अनंताची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. ती जगली, दीड वर्षाने पिवळी पडून गेली. पुढे माहेरपणाहून परतताना आणखी दोनदा आणली. दोन्ही वेळा तेच. आम्ही लहान होतो, पण तिचे वाक्य आठवते, "माझ्या हाताला अनंताचं यश नाही." मग तिने तो विषय सोडला. नळाजवळ शेजाऱ्यांकडून मिळालेली तगर लावली आणि रोजच्या देवपूजेला तीच फुले घेऊ लागली.

आम्ही नोकरीला लागलो, घर बांधले, आणि वाटले की आता अनंत जगवून दाखवू. डिप्लोमा होता ना हातात! नव्या कंपाउंडच्या भिंतीलगत काळी माती भरून रोप लावले, बोअरचे पाणी घातले. वर्षभरात पाने पिवळी. आम्ही युरिया घातला. आणखी पिवळी. शेणखत घातले, आईने गंजके खिळे पुरले. उपयोग शून्य. शेवटी खात्यातल्या एका जुन्या माळीबाबांना घरी आणले. त्यांनी शेंड्याचे पान उजेडात धरले आणि म्हणाले, "साब, इसको खाना मत दो, पानी बदलो."

लाज वाटली, कारण हे आम्ही शिकलो होतो. नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने सरसकट पिवळी होतात. लोह कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात, जाळीसारख्या. आमच्या झाडाचा शेंडा पिवळा होता. परीक्षेत बरोबर लिहिलेले उत्तर अंगणात विसरलो होतो.

आता गंमत बघा. माळव्याची काळी माती आणि कोकणचा जांभा, दोघांचा पाषाण बहुतेक एकच, काळा कातळ. पण रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. त्याने मातीतला चुना हजारो वर्षे धुऊन नेला आणि माती आंबट झाली. आपल्याकडे पाऊस साधारण साडेनऊशे मिलिमीटर. चुना जागीच राहिला. खोल खणले की काळ्या मातीत पांढरे खडे लागतात, तो हाच. आपल्या मातीचा सामू साडेसात ते साडेआठ, आणि अनंताला हवा पाच ते साडेसहा. काळ्या मातीत लोह भरपूर असते, पण चुन्यामुळे ते असे घट्ट बसते की अनंताच्या मुळांना घेता येत नाही. म्हणून खिळे पुरून काही होत नाही. घरात धान्य आहे, पण कोठीला कुलूप आहे. त्यात बोअरचे पाणी. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तोच रोज मुळाशी जातो. आमच्या भिंतीचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा होता तो वेगळाच.

अनंत मूळचा दक्षिण चीन, जपानकडचा. पाऊस, दमट हवा आणि आंबट माती हे त्याचे माहेर. कोकणात त्याला ते सगळे मिळाले. मेमध्ये बेचाळीस अंशांत लू सुटली की आपल्याकडे त्याच्या कळ्या न उमलताच गळतात. यात कोणाच्या हाताचा दोष नाही. आईला हे सांगायला आम्हाला चाळीस वर्षे लागली.

मग जमिनीतला अनंत आम्ही कुंडीत आणला. बारा इंची कुंडी, काळी माती अजिबात नाही. दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग नारळाचा भुसा, एक भाग लाल माती, थोडी जाड रेती. सकाळचे ऊन दहा-साडेदहापर्यंत, नंतर सावली. पाणी फक्त पावसाचे. गच्चीच्या पन्हळीखाली दोनशे लिटरचे दोन ड्रम ठेवले, ते पावसाळ्यात भरून झाकून ठेवतो. तरी एप्रिल-मेमध्ये ते संपतात, कारण तेव्हा कुंडीला रोज दीड-दोन लिटर लागते. पण तेव्हाच घरातला एसी सुरू होतो. त्याच्या नळीतून थेंब थेंब पडणारे पाणी पावसाच्या पाण्याइतकेच मऊ असते. खाली बादली ठेवा. मात्र आरओ मशीनचे वाया जाणारे पाणी अनंताला चुकूनही घालू नका, त्यात क्षार दाट झालेले असतात. नर्मदेचे पाणी बोअरपेक्षा बरे, अडीअडचणीला चालेल.

पाने पिवळी पडलीच तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावे, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. औषधांच्या दुकानातून चिलेटेड लोह आणणार असाल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेले पाहून घ्या. साधे ईडीटीएवाले आपल्या मातीत टिकत नाही. होमाची राख, अंड्याची टरफले, चुन्याची निवळी यांपैकी काहीही त्या कुंडीत नको. घरी बादलीत विसर्जन करतात त्यांनी शाडूचा गाळही त्यात ओतू नये, मुळांना हवा मिळत नाही. छाटणी फक्त बहर संपल्याबरोबर करा. हिवाळ्यात कात्री चालवली की पुढच्या बहराच्या कळ्याच जातात. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी येते. कडुनिंबाचे तेल पाच मिली, एक लिटर पाणी, दोन थेंब साबण. बाकी कीटकनाशकांच्या मागे आम्ही लागत नाही.

आता तगरीचे. खरे सांगायचे तर तिच्याविषयी बोलायला फारसे काही नाही. काळी माती चालते, बोअरचे पाणी चालते. भर ऊन असो की अर्धी सावली, दोन्ही चालते. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पोटभर पाणी, एवढेच. छाटली नाही तर डोक्याच्या वर जाते, आणि छाटणी जूनमध्ये करा नाहीतर फेब्रुवारीत, ती रागावत नाही. जानेवारीच्या थंडीत थोडी गप्प बसते. फुले जवळजवळ बारा महिने. वास मंद, तोही रात्रीचा. एकेरी तगरीच्या पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या वळलेल्या असतात. आम्हाला दुहेरीपेक्षा तीच जास्त आवडते. पावसाळ्यात एखाद्या सकाळी तिची पाने सफाचट झालेली दिसतील. मग फांदीखाली बघा. बोटाएवढी जाड हिरवी अळी असते, अंगावर निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. तीच अळी कण्हेरही खाते. औषध नको, चिमट्याने उचलून दूर टाका. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि लहान मुलांना फळे तोंडात घालू देऊ नका, ती विषारी असतात.

कुंडीतल्या अनंताला दुसऱ्या वर्षी जूनमध्ये, पहिल्या वळवानंतर फूल आले. एकच. रात्री दारातून आत आलो तर सगळ्या घराला वास. आई काठी टेकत अंगणात गेली, कुंडीजवळ खुर्ची मागवली आणि बराच वेळ बसून राहिली. काही बोलली नाही. सकाळी ते फूल तिने देवीला वाहिले, तोपर्यंत ते कडेने पिवळसर व्हायला लागले होते. आणि मग नेहमीप्रमाणे परडी घेऊन नळाजवळच्या तगरीकडे निघाली. आम्ही म्हटले, "आई, आज अनंत आहे ना?" ती म्हणाली, "अरे, एका फुलात अकरा देव बसतात का?"

आता अनंताला वर्षाला पंधरा-वीस फुले येतात. गेल्या साली एक गुटी बांधून रोप केले, ते बहिणीकडे देवासला गेले. फोनवर आईने तिला पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा, जावयाचा नव्हे.

सभागृहाच्या दाराशी तगरीची चाळीस रोपे पिशव्यांत ठेवली आहेत. गेल्या पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या लावून केलेली. निम्मी एकेरी, निम्मी दुहेरी, पिशवीवर खडूने लिहिले आहे. कोणीही न्या, काही विचारणार नाही. अनंताची रोपे फक्त सहा आहेत. ती हवी असतील त्यांनी चहाच्या वेळी भेटावे आणि येताना घरात पाणी कुठले येते ते सांगावे. बोअरवाल्यांना रोप मिळेल, पण आधी ड्रम विकत घ्यावा लागेल.