हात लावण्याची मुभा

वस्तुसंग्रहालय म्हटलें कीं कांचेचीं कपाटें आणि ‘हात लावूं नये’ ही पाटी आपल्या मनापुढें उभी राहते. आज ज्या स्थळाविषयीं मी बोलणार आहें, तेथें नियम नेमका उलटा आहे. मुंबईस वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्रांत जो हात लावणार नाहीं, त्याची फेरी फुकट गेली असें समजावें.

ही कल्पना मूळची आपली नव्हे. ऑस्कर फॉन मिलर या विद्युत्-अभियंत्यानें म्यूनिक येथें १९०३ सालीं स्थापिलेल्या संग्रहालयांत कळ दाबून, दांडा फिरवून प्रतिकृति चालविण्याची सोय प्रेक्षकांस मिळाली. १९६९ सालीं सान फ्रान्सिस्कोस फ्रँक ओपनहायमर या पदार्थवैज्ञानिकानें ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडलें. तेथें प्रयोग हेंच प्रदर्शन ठरलें. वरळीचें विज्ञानोद्यान १९७९ सालचें. संपूर्ण केंद्र १९८५ सालीं खुलें झालें. इतिहास एवढा पुरे.

मीं उभा जन्म शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. दहा वर्षांच्या नातवास घेऊन उद्यानांत शिरतांना मला वाटलें, याहून अधिकारी वाटाड्या त्यास कोठें मिळणार? प्रथम कप्प्यांपाशीं गेलों. बसावयास फळी, वर कप्प्या, हातांत दोर. ओढावें आणि आपणच आपणांस उचलावें. नातू दोरास हात घालणार तोंच मीं सांगून टाकलें, “जितके पदर भार वाटून घेतील, तितकें बळ कमी, मात्र तितक्याच पटीनें दोर अधिक ओढावा लागेल.” एक अक्षर चुकलें नाहीं. मुलानें मान डोलविली, दोर एकदां ओढला आणि विचारलें, “पुढें काय आहे, आजोबा?”

सांगावयास संकोच वाटतो, पण अर्ध्या तासांत आम्हीं बहुतेक उद्यान ‘आटोपलें’. आजूबाजूस तरी निराळें काय होतें? कोणाची आई पाटी मोठ्यानें वाचीत होती, कोणाचे वडील छायाचित्रांत गुंतले होते.

अखेर माझे पाय दुखूं लागले आणि मी बाकावर बसलों. समोर दोन मोठ्या अंतर्गोल तबकड्या बऱ्याच अंतरावर एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. एकीच्या पुढील ठराविक बिंदूपाशीं कुजबुजलें, तर दुसरीच्या तशाच बिंदूपाशीं तें स्पष्ट ऐकूं येतें. पलीकडे एक अनोळखी मुलगी कांहीं पुटपुटत होती आणि आमचा नातू तबकडीस कान चिकटवून उभा! ऐकूं येईना. कंटाळून त्यानें डोकें मागें घेतलें आणि एकाएकीं दचकला. पुन्हां कान तबकडीस लावला, आवाज गेला. मागें आला, आवाज आला. किती वेळां तरी केलें. मग दोघांनीं जागा बदलल्या. मग एका तिसऱ्या मुलास मधोमध उभें करून त्याची साक्ष घेतली. “लहरी एका बिंदूंत गोळा होतात, बाळ,” हें वाक्य माझ्या ओठांवर आलें होतें. तें गिळतांना काय कष्ट पडले, तें शिक्षकच जाणोत.

त्या दिवशीं पाऊण तास आम्ही त्या एकाच ठिकाणीं होतों. उरलेलीं दालनें राहिलीं तीं राहिलींच.

सध्यां आमच्या घरांत दोन पराती समोरासमोर टेकविलेल्या आहेत. एकीपुढें गजराचें घड्याळ ठेवून नातू दुसरीपुढें कान सरकवीत असतो. मनाजोगें कांहीं घडत नाहीं. परातीचा तळ सपाट, हें कारण मला ठाऊक आहे. आजी पराती परत मागत आहे. मीं तिच्याकडून आणखी दोन दिवसांची मुदत घेतली आहे.