सायकलवरून खानदेशी पाहुणचार

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेल्या अनेक कुटुंबांचं मूळ गाव खानदेशात. सुट्टीत एसटीऐवजी सायकलनं निघालं, तर धुळे साधारण 160 किलोमीटर. वाटेत पिंपळगाव बसवंत, चांदवड, मग राहुड घाट आणि मालेगाव.

सराईत सायकलपटू एवढं अंतर एका दिवसात कापतात. 'ब्रेव्हे' या लांब पल्ल्याच्या सायकलिंग प्रकारात तर 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तासच मिळतात. वाटेतल्या मावशीकडे चहाला टेकलं, तरी घड्याळ चालूच!

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली. हे सख्खे भाऊ. नातलग सोबतीलाच, भेटायला थांबायची गरज नाही.

बाकीच्यांनी मात्र घाई करू नये. मालेगावला मुक्काम करावा.

खरी परीक्षा पाहुणचाराची. भरीत-भाकरीचा आग्रह मोडवत नाही आणि भरल्या पोटी पॅडल मारवत नाही. म्हणून भरपेट जेवण रात्रीच्या मुक्कामी ठेवावं, दुपारी हलकं खावं. यजमानांना पोचण्याची वेळ तासा-दोन तासांच्या फरकानं कळवा, आणि सायकल रात्री घरात ठेवता येईल का, हेही आधीच विचारून घ्या.