भोक बोल्टापेक्षा मोठं हवं



मागच्या रांगेतल्यांना हे दिसतंय का? ६ मिलिमीटरचा बोल्ट आणि पारदर्शक शीटचा एक तुकडा. या तुकड्याला भोक आहे १० मिलिमीटरचं. बोल्ट आत घातला की असा खुळखुळतो. आमच्या धंद्यात कुणी असं काम केलं, तर त्याला कच्चा कारागीर म्हणतात. मीही म्हणायचो. हे भोक एवढं मोठं ठेवायला शिकण्यासाठी मला एक वर्ष लागलं, बाबांची गाडी लागली आणि एक मोठी ऑर्डर सोडावी लागली. ती गोष्ट सांगायला मी आलोय.

मी रायपूरचा, सदर बाजारातला. आमचं कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी नागपूरहून छत्तीसगडात आलं. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि कारागिरांशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा आम्ही दिवसभर बोलतो. सदर बाजार म्हणजे आमच्याकडचा सराफा. दोन्ही बाजूंना सोन्याचांदीची दुकानं आणि मध्ये गाडी वळवायलाही जागा नाही असा रस्ता. आम्ही सोनं विकत नाही. सोनं ज्यात ठेवतात ते काउंटर, शोकेस, हारांचे स्टँड आम्ही बनवतो. बाबांनी काच आणि लाकूड यांच्यावर धंदा उभा केला, मी त्यात अ‍ॅक्रिलिक आणलं.

२०२१ साली धंदा बसला. लॉकडाऊननंतर सराफांनी नवी दुकानं सजवणं थांबवलं होतं आणि ज्यांना हवं होतं ते तयार काउंटर मागवू लागले होते. दोन कारागीर आमच्याकडे वर्षानुवर्षं होते. त्यांचा पगार काढताना दर महिन्याला घाम फुटायचा. मला वाटलं, लोकांच्या नजरेत भरेल असं काहीतरी करायला हवं.

घरी बाबांची मारुती ८०० होती, २००६ साली घेतलेली. माझ्या डोक्यात आलं की हिचं बॉनेट पारदर्शक करायचं. आत दिवे लावायचे, इंजिन चकाचक करायचं आणि धनतेरसला गाडी सदर बाजारातून फिरवायची. चालतंफिरतं शोकेस! खाली दुकानाचं नाव.

ही कल्पना काही माझी पहिली नव्हती. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सनं एक पॉन्टिअ‍ॅक गाडी मांडली होती, जिचं सगळं बाहेरचं अंग पारदर्शक होतं. रोम अँड हास या कंपनीच्या प्लेक्सिग्लासचं, म्हणजे आपण ज्याला अ‍ॅक्रिलिक म्हणतो त्याचं. त्या काळी तिच्यावर २५,००० डॉलर खर्च झाले असं सांगतात. लोक तिला भुताची गाडी म्हणायचे. २०११ मध्ये तिचा लिलाव झाला, ३,०८,००० डॉलरला. मी तिचे फोटो तासन् तास बघायचो. पण त्या फोटोंतल्या दोन गोष्टी तेव्हा माझ्या लक्षात आल्या नाहीत. त्या पुढे सांगतो.

मी घरचंच अ‍ॅक्रिलिक घेतलं, ५ मिलिमीटर जाडीचं. जुनं बॉनेट उतरवून ठेवलं. बॉनेटच्या आत पोलादी पट्ट्यांचा सांगाडा असतो, तो बाहेरून दिसू नये म्हणून मी तो घेतलाच नाही. पूर्ण शीट एकाच तुकड्यात. हीटरनं तापवून कडा वाकवल्या, बिजागरी आणि कुलूप सरळ शीटलाच बोल्टनं आवळलं. ६ मिलिमीटरचा बोल्ट आणि ६ मिलिमीटरचं भोक. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांवर लॉकिंगचं द्रव लावलं. शेवटी शीट थिनरनं पुसून लखलखीत केली. इतका घट्ट, इतका साफ सांधा मी आधी कधी केला नव्हता. खरं सांगायचं तर कारागिरांना बोलावून दाखवला.

धनतेरसला गाडी फिरली. लोकांनी व्हिडिओ काढले. हिवाळाभर ती दुकानासमोर उभी राहिली. मग आला मे महिना.

रायपूरचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याच्या कितीतरी पुढे. एके दिवशी सकाळी, बाजार उघडण्याआधी, मी गाडी काढली. शंभर-दीडशे मीटर गेलो असेन. कट्ट असा आवाज झाला आणि बॉनेटचा जेवणाच्या ताटाएवढा तुकडा घसरून रस्त्यावर पडला. समोरून पेपर टाकणारा एक मुलगा सायकलवर येत होता. तुकडा त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर पडला. त्यानं ब्रेक मारला, उतरला, तुकडा उचलून माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "भैया, आपका काँच." आणि निघून गेला.

मी बराच वेळ गाडीतच बसून होतो. वेग २० होता. तो ६० असता तर? तुकडा खाली पडण्याऐवजी वर उडाला असता तर?

दुकानात येऊन बघितलं. प्रत्येक भोकाभोवती केसासारख्या चिरा होत्या. बाबा खुर्चीवरून उठून आले. त्यांनी एक बोल्ट बोटानं हलवून पाहिला, तो तसूभर हलला नाही. मला वाटलं आता शिव्या पडणार. त्या पडल्याच, पण आधी त्यांनी एक प्रश्न विचारला.

"लाकडी चौकटीत काच बसवताना मी दोन्ही बाजूंना जागा का सोडतो, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही का रे?"

पंचवीस वर्षं मी ती फट बघत आलो होतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. काच घट्ट बसवली तर पहिल्याच पावसात तडकते. म्हणून बाबा फट सोडायचे आणि वर पट्टी मारून ती झाकायचे. मला वाटायचं, त्यांचं माप थोडं चुकतं.

मग मी मुळापासून शिकायला बसलो. नागपूरचे एक शीट विक्रेते आहेत, त्यांना रोज फोन करून मी पुरतं हैराण केलं. त्यांनी हिशेब मांडून दाखवला, तो तुम्हालाही दाखवतो. बॉनेटवरची शीट साधारण ११०० मिलिमीटर रुंद. जानेवारीच्या पहाटे रायपुरात १२ अंश, मे महिन्यात उन्हात आणि इंजिनावर ७० अंश. फरक ५८ अंशांचा. एवढ्या फरकात पोलाद पाऊण मिलिमीटर वाढतं. तेवढंच प्लास्टिक, मग ते अ‍ॅक्रिलिक असो की पॉलिकार्बोनेट, चार मिलिमीटरहून जास्त वाढतं. म्हणजे खालच्या पोलादापेक्षा शीट साडेतीन मिलिमीटर जास्त पसरू बघते, प्रत्येक बाजूला पावणेदोन. तिला जागा मिळाली नाही की सगळा ताण भोकाच्या काठावर येतो. त्यात मी थिनर आणि लॉकिंगचं द्रव लावून ठेवलेलं. ताणाखालच्या प्लास्टिकला अशी द्रवं लागली की चिरा आणखी लवकर पडतात.

आता या भोकाकडे बघा. १० मधून ६ गेले, उरले ४. प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर. पावणेदोन हवे होते. हा खुळखुळाट मोजून ठेवलेला आहे.

दुसरं बॉनेट करायला पावसाळा गेला. या वेळी शीट पॉलिकार्बोनेटची घेतली, ४ मिलिमीटरची. पॉलिकार्बोनेट १९५३ साली सापडलं, जर्मनीत बायर कंपनीत आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये, एकमेकांना पत्ता नसताना. अ‍ॅक्रिलिक तडकतं, पॉलिकार्बोनेट वाकतं. हातोडी मारली तर खड्डा पडेल, ठिकऱ्या उडत नाहीत. पण त्याची खोड अशी की उन्हानं ते पिवळं पडतं. म्हणून शीटच्या एका बाजूला उन्हापासून वाचवणारा थर दिलेला असतो आणि ती बाजू वरच्या कागदावर छापलेली असते. कागद आधी काढून टाकला की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मी एक शीट अशीच वाया घालवली.

कबाडीकडून ८०० चं जुनं बॉनेट आणलं. आमच्या गल्लीतल्या डेंटर उस्तादांनी ग्राइंडरनं वरचा पत्रा मधून कापला, चारी बाजूंना दोन इंचांचा काठ ठेवून. आतला पोलादी सांगाडा, बिजागरी, कुलूप, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. शीट तापवायची गरजच पडली नाही. पॉलिकार्बोनेट थंडच वाकवता येतं, फक्त बाकाची त्रिज्या जाडीच्या १०० ते १५० पट हवी. ४ मिलिमीटरसाठी ४०० ते ६०० मिलिमीटर. ८०० चं बॉनेट जवळजवळ सपाटच, त्याचा बाक त्याहून फार हलका. खाली ईपीडीएम रबराची पट्टी घातली, कारण मऊ पीव्हीसीतून निघणारं तेल या शीटला खातं. सिलिकॉन लावलं ते न्यूट्रल. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चालत नाही. बोल्टखाली रुंद रबरी वॉशर. बोल्ट हातानं आवळायचा, शीट हलायला हवी. आणि पुसायचं ते साबणाच्या पाण्यानं.

ते काम करताना पॉन्टिअ‍ॅकच्या फोटोंतल्या त्या दोन गोष्टी दिसल्या. त्या गाडीची फक्त कातडी पारदर्शक होती, भार घेणारा आतला सांगाडा धातूचाच होता. आणि ती रस्त्यासाठी बनलेलीच नव्हती. लिलावाच्या वेळी तिच्या मीटरवर १०० मैलसुद्धा नव्हते.

दुसरं बॉनेट एक पूर्ण वर्ष टिकलं, मे महिन्यासकट. एकही चीर नाही. आणि तेव्हाच ती ऑर्डर आली.

आमचे जुने गिऱ्हाईक. मुलाचं लग्न होतं. नवऱ्या मुलाची मोठी गाडी, तिला असंच बॉनेट हवं होतं, आणि लग्नानंतर तो ती रोज वापरणार होता. ॲडव्हान्समध्येच दोन्ही कारागिरांचा सहा महिन्यांचा पगार निघाला असता. मी पैसे घेतले. माप घ्यायला गाडी दुकानात आली. मी तिचं बॉनेट उघडलं आणि आतून नीट पाहिलं.

नव्या गाडीचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नसतं. आतल्या सांगाड्यात मुद्दाम कमजोर ठेवलेल्या जागा असतात. समोरून धडक बसली की ते तिथे दुमडतं, म्हणजे सरळ मागे सरकून काचेतून आत येत नाही. बॉनेट आणि इंजिन यांच्यात अंतर ठेवतात, कारण पायी चालणारा माणूस धडकला तर त्याचं डोकं तिथेच आपटतं. पत्रा चेपला जातो आणि धक्का पोटात घेतो. पॉलिकार्बोनेट वाकतं आणि परत उसळतं. माझ्या वाढण्या-आकसण्याच्या हिशेबात सगळं बसत होतं, पण त्या डोक्याचा हिशेब मला येत नव्हता. तो मांडायला गाडी बनवणारे गाड्या भिंतीवर आपटून बघतात. मी एक शीट उलटी लावणारा माणूस.

कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत हे स्पष्ट केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. धनतेरसला मी जे मिरवलं, तेही या कायद्यात बसत नव्हतं. हे मी आज इथे कबूल करतो.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. मला वाटत होतं ते म्हणतील, "पैसे घेतलेत, काम कर." ते एवढंच म्हणाले, "त्या पेपरवाल्या पोराला विचार."

दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स परत केला. गिऱ्हाईक नाराज झाले. वर्षभर आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्या महिन्याचा पगार मी बायकोच्या बांगड्या ठेवून काढला. सराफ्यातच राहतो, लांब जावं लागलं नाही.

पुढचं काम भलत्याच दिशेनं आलं. ८०० ला तिचं मूळ बॉनेट परत चढवलं आणि पारदर्शक बॉनेट दुकानात भिंतीला टेकवून ठेवलं. उरल्याच्या एका कारखान्याचे सुपरवायझर काउंटरची चौकशी करायला आले होते. त्यांनी ते पाहिलं, भोकं पाहिली, बोल्ट हलवून पाहिला आणि विचारलं, "मशीनचे गार्ड कराल का?" फिरत्या यंत्रासमोर कामगाराच्या तोंडापुढे लागते ती पारदर्शक ढाल. आतलं काम दिसलं पाहिजे आणि उडालेला तुकडा बाहेर येता कामा नये. तीच शीट, तेच रबर, तीच मोठी भोकं. आज आमचं निम्मं काम उरला आणि सिलतराचं आहे. दोन्ही कारागीर आहेत, तिसरा आलाय. आणि ते बॉनेट एका प्रशिक्षण संस्थेत स्टँडवर बसवलंय, खाली खरं इंजिन ठेवून. मुलं वरून बघतात.

तुमच्यापैकी कुणाला गाडीचं बॉनेट पारदर्शक करायचं असेल, तर जरूर करा. प्रदर्शनासाठी करा, वर्गासाठी करा. सांगाडा तसाच ठेवा, शीटची बाजू तपासा, भोक मोठं ठेवा. रस्त्यावर मात्र नेऊ नका.

तिसऱ्या कारागिराला पहिल्या दिवशी मी हाच बोल्ट दिला. त्यानं हलवून पाहिला आणि म्हणाला, "भैया, ढीला है." बाबा खुर्चीवरून हसले. मी त्याला समोर बसवलं आणि हिशेब मांडायला कागद काढला.