परगावचा प्रेक्षक

(बेंगळूरु येथे गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी समीक्षक नाही. तिकीट काढून सिनेमा पाहणारा साधा माणूस आहे. त्यामुळे आज बोलणार आहे ती निव्वळ माझी मते. पटली नाहीत तर जेवताना भांडू.

पहिले मत असे, की परगावी राहणाऱ्या मराठी माणसासाठी मराठी चित्रपट ही नुसती करमणूक नाही. आपल्या घरातली मराठी बहुधा आपण गाव सोडले त्या साली थांबलेली असते. मुलांच्या कानांवर तर त्यातलीही थोडीच पडते. ‘जेवायला ये’, ‘अभ्यास झाला का’, ‘मोबाइल ठेव आधी’. म्हणजे रागावायला मराठी आणि हसायला दुसरी भाषा! अशा मुलाला मराठी आवडावी तरी कशी?

इथे सिनेमा कामाला येतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) घरात लावा. मराठी वाचायला कंटाळणारी मुले त्यातल्या वाक्यांना खो-खो हसतात आणि दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये एकमेकांना ऐकवतात. माझ्या मते मराठीचा याहून चांगला शिकवणी वर्ग नाही, आणि फीसुद्धा नाही.

शिवाय मराठी एकच नाही हेही सिनेमातच कळते. ‘टिंग्या’ (2008) जुन्नरकडचे बोलणे ऐकवतो, ‘नटरंग’ (2010) कागलकडचे, तर ‘सैराट’ (2016) करमाळ्याकडचे. ‘सैराट’मधली आर्ची ज्या ठसक्यात बोलते, तो ठसका आपल्या दिवाणखान्यातल्या मराठीत कुठून यायचा? ‘हे कसले मराठी?’ असे मुलांनी विचारले तर सांगावे, ‘हेही आपलेच.’

आता मालिकांविषयी. इथे काही भगिनी माझ्यावर रागावणार आहेत, त्यांची आधीच क्षमा मागतो. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका लागायची. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली. आठवड्यातून एकदा भेट, त्या भागातली गोष्ट त्याच भागात पुरी, आणि शेवटी आबा डायरी लिहायला बसत. तीन पिढ्यांचे घर, पण खलनायक कोणी नाही. रोजच्या मालिकेत मात्र साखरपुडा तीन आठवडे चालतो आणि अंगठी बोटात जायच्या आत दारात कोणीतरी उभे राहते. दोष कलाकारांचा नाही, ते उत्तम काम करतात. रोज एक भाग भरायचा म्हटले की गोष्टीत पाणी घालावेच लागते. पण सगळी पात्रे एकाच छापाचे बोलू लागली की मुलांच्या कानांना त्यातून नवे काही मिळत नाही.

माझे तिसरे मत थोडे गंभीर आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यात सरकारी वकील बाई सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयांची टिंगल चालते आणि प्रेक्षागृह हसते. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ते दृश्य कसे वाटते हे त्यांना विचारावे. आपल्याला मात्र ते वेगळे लागते, कारण इथे परप्रांतीय आपण आहोत! या शहराने आपल्याला नोकरी दिली, घर दिले, मांडवाला जागा दिली. ज्यांच्यावर प्रेक्षागृह हसते आहे त्यांच्या रांगेत आपली मुले बसली आहेत, हे तो सिनेमा न ओरडता दाखवतो. चांगला सिनेमा म्हणजे हाच.

आणि सिनेमात अशी सरमिसळ पहिल्यापासून आहे. मराठीतला पहिला बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (1932), मराठीबरोबर हिंदीतही काढला गेला. ‘उंबरठा’मध्ये (1982) स्मिता पाटील यांच्यासमोर गिरीश कर्नाड होते. याच शहरात 1950 साली एका मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड तमिळ पडद्यावर रजनीकांत झाले. ‘सैराट’ तर 2017 मध्ये ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कन्नडमध्ये आला, आणि नायिका तीच, आपली रिंकू राजगुरू. तेव्हा कन्नड मित्रांनो, अर्धा मराठी सिनेमा तुम्ही आधीच पाहिलेला आहे!

आता मुख्य विनंती. परगावी मराठी चित्रपट आलाच तर एखाद्याच चित्रपटगृहात येतो, तोही अडनिड्या वेळी. आपण म्हणतो, ‘पुढच्या आठवड्यात जाऊ.’ पण चित्रपटगृहवाला शुक्रवार, शनिवार आणि रविवार एवढेच मोजतो. त्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पुढच्या आठवड्यात तिथे दुसराच सिनेमा लागतो. मग आपणच तक्रार करतो की इकडे मराठी काही येत नाही. काही महिन्यांनी तो मोबाइलवर पाहता येतो हे खरे. पण मोबाइलवर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात बसून पाहतो. अंधारात दीडशे मराठी माणसे एकाच विनोदाला हसली, हा आवाज इथल्या मुलाने वर्षातून एकदा तरी ऐकावा. आपली भाषा आई-बाबांपुरती नाही, हे त्याला त्या आवाजातून जेवढे कळेल तेवढे आपल्या भाषणांतून कळणार नाही. माझ्या तर नाहीच नाही.

म्हणून तीन गोष्टी करू या. चित्रपट लागल्याचे ज्याला कळेल त्याने त्याच दिवशी मंडळाला कळवावे. पहिल्या रविवारी मिळून जावे. आणि प्रत्येकाने एक अमराठी सहकारी बरोबर न्यावा. खाली इंग्रजीत ओळी येतात, त्याला कळेल सगळे. त्याने बोलावले की आपणही कन्नड चित्रपटाला जावे.

चित्रपट वाईट निघाला तर? तर मध्यंतरात वडा खाऊन मनसोक्त नावे ठेवू. मराठीत नावे ठेवायला मिळणे हेही परगावी थोडे सुख नव्हे.

गणपती बाप्पा मोरया!