आशा कोणी सांभाळावी?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलाविले तेव्हा आम्ही बोनस, महागाई भत्ता किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे कामगार चळवळीत घालविलेल्या माणसाकडून ती रास्तच होय. परंतु आज आम्ही विषय घेतला आहे तो मनाच्या विषण्णतेचा, आणि त्या विषण्णतेत ख्रिस्ती श्रद्धेतून आशा कशी हाती लागते याचा. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे झाले. पण हा विषय त्या कपाटातून काढलेला नाही. आम्ही जन्माने ख्रिस्ती आहोत, आणि गेली बारा वर्षे हा आजार आमच्या घरी मुक्कामास आहे.

दुःख आणि विषण्णता या दोन गोष्टी एक नव्हेत. दुःखात माणूस रडतो, बोलतो, शेजाऱ्याला हाक मारतो. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्या विषण्णतेत झोप उडते, अन्नाची चव जाते, अंथरुणातून उठणे म्हणजे डोंगर चढणे होते. आणि मन अहोरात्र एकच निकाल वाचून दाखविते की, तू निरुपयोगी आहेस. हा आजार ज्याच्या त्याच्या भाषेत बोलतो. कामगाराला तो सांगतो, तू घरावर भार आहेस. श्रद्धावंताला सांगतो, देवाने तुला टाकले आहे. या दुसऱ्या निकालाखाली एक माणूस सत्तावीस वर्षे जगला. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

विल्यम कूपर हा इंग्रज कवी १७३१ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे तो वकील झाला. १७६३ साली लॉर्डांच्या सभागृहात त्याला एक जागा मिळावयाची होती. पण त्यासाठी सभागृहापुढे परीक्षा द्यावयाची, या भीतीने त्याचे मन मोडले. त्याने आपले आयुष्य संपविण्याचा प्रयत्न केला. नातलगांनी त्याला सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर नॅथॅनियल कॉटन यांच्या रुग्णालयात ठेविले. त्या काळी वेड्यांना साखळदंड घालीत. हे डॉक्टर मात्र स्वतः कविता करणारे, मायेने वागविणारे होते. तेथे १७६४ साली एके दिवशी बायबल उघडले असता रोमकरांस पत्रातील क्षमेविषयीचे वचन त्याच्या दृष्टीस पडले, आणि कित्येक महिन्यांनी त्याला उजेड दिसला.

कथा येथेच संपली असती तर ती कीर्तनात सांगण्याजोगी झाली असती. पण ती संपत नाही. १७६७ साली कूपर ओल्नी या लहान गावी राहावयास गेला. तेथील उपदेशक जॉन न्यूटन हे पूर्वी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. दोघांनी मिळून गावकऱ्यांसाठी स्तोत्रे रचली. १७७९ साली निघालेल्या त्या संग्रहात ३४८ स्तोत्रे आहेत, त्यांतील साठांहून अधिक कूपरची. जगभर गाइले जाणारे न्यूटनचे ‘अमेझिंग ग्रेस’ त्यातलेच. परंतु पुस्तक निघण्यापूर्वीच, १७७३ साली, कूपरचा आजार उलटला. देवाने आपणांस कायमचे नाकारले, अशी त्याची खात्री झाली. मंडळी ज्याची स्तोत्रे गात होती, तो स्वतः उपासनेला जाईनासा झाला. ती खात्री १८०० साली मरेपर्यंत पुरती कधीच गेली नाही.

कित्येक टीकाकार म्हणतात, न्यूटनच्या कडक धर्मानेच त्याला वेड लागले. हा आरोप कालक्रमाला धरून नाही. तो झटका १७६३ चा, आणि न्यूटनशी ओळख १७६७ ची. धर्माने आजार आणला नाही. आजाराने धर्माचे शब्द उचलले. मग तुम्ही विचाराल, अशा माणसापाशी आशा ती कोणती?

आमचे उत्तर असे की, आशा त्याच्यापाशी नव्हती. त्याच्या सोबत्यांपाशी होती. १७७३ साली न्यूटननी त्याला आपल्या घरी आणले आणि वर्षाहून अधिक काळ सांभाळले. मेरी अन्विन या विधवा बाईंनी त्याच्यासाठी घर चालविले, रात्री जागविल्या. तो प्रार्थना करीत नव्हता, तेव्हा त्याच्यासाठी इतर करीत होते. शेजाऱ्याने एक सशाचे पिलू दिले. पुढे तीन ससे पाळले गेले. त्याने बागकाम केले, सुतारकाम केले, हळूहळू पुन्हा लिहू लागला.

आणि काय लिहिले पाहा. ओल्नी हे हाताने लेस विणणाऱ्यांचे गाव. १७८० साली एका सरकारी उपायाने त्यांचा धंदा बुडण्याची वेळ आली, तेव्हा कूपरने लंडनच्या वकील मित्राला लिहिले की, या गावात सुमारे १२०० लेस विणणारे आहेत, शेकडोंवर उपासमारीची पाळी आली आहे, वरच्यांच्या कानावर घाल. आमच्या भाषेत हा मागण्यांचा अर्जच होय. १७८८ साली त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पोवाड्यासारखी गीते लिहिली. स्वतःविषयी निराश असलेला माणूस दुसऱ्याच्या आशेसाठी झगडू शकतो, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो.

बायबलात याला आधार आहे. चौघांनी छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला येशूपुढे सोडले, ती कथा मार्काच्या शुभवर्तमानात आहे. तेथे येशूने विश्वास पाहिला तो त्या वाहून आणणाऱ्यांचा, असे लिहिले आहे. आजाऱ्याने तोंडातून शब्दही काढल्याचा उल्लेख नाही. दुसरी कथा एलीया संदेष्ट्याची. तो रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला प्रवचन देत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून जेवू घालतो. पुढे त्याला कळते की आपण एकटे उरलो नाही, सात हजार आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरी ते शास्त्रातून कोणी वगळले नाही.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, एका उपदेशकाने आम्हांस सुनावले होते की, श्रद्धा कमी पडली म्हणून हा आजार जडला. त्या वाक्याने आम्ही आणखी महिनाभर उंबरठा ओलांडला नाही. पण मंडळीतील चार वडील माणसे दर रविवारी घरी येऊन दोन गीते गाऊन जात, आम्ही तोंड उघडले नाही तरी. युनियनमधले दोघे, एक माळकरी आणि एक मुसलमान, संध्याकाळी वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन येत आणि हिशेब जुळवावयास लावीत. संपात ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला इतरांनी शिधा पोहोचवावयाचा असतो. तद्वत त्या दिवसांत आम्ही त्यांच्या आशेवर जगलो. गोळ्या आम्ही आजही घेतो. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला कोणी नास्तिक म्हणत नाही. मग आम्हांलाच का म्हणावे?

म्हणून आपणांस तीन गोष्टी सांगतो. आजाऱ्याला उपदेश करू नका. जेवण घेऊन जा आणि बसा. त्याला डॉक्टरकडे न्या, आणि प्रार्थना करावयाची तर दवाखान्यात सोबत बसूनही करता येते. तिसरी गोष्ट हक्काची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र ताणाखाली असलेला समजून त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असेही त्यात आहे. २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलते. हा क्रमांक घरी भिंतीवर लिहून ठेवा.

श्रद्धेने आजार बरा होतोच, असे आम्ही म्हणणार नाही. कूपरची साक्ष आमच्याविरुद्ध जाईल. आम्ही इतकेच म्हणतो की, ख्रिस्ती आशा ही एकट्याच्या मनाची स्थिती नव्हे, ती मंडळीची ठेव आहे. ज्याचे हात गळाले त्याच्या वाट्याची आशा इतरांनी सांभाळावयाची, आणि हातात बळ आले की त्याने दुसऱ्याची. आपल्या शेजारच्या घरात आज कोणाची आशा सांभाळावयाची आहे, एवढे पाहून घ्या.